घरभेदी

माधवीने बेसमेंटमधल्या भाडेकरणीला दसऱ्याला जेवायला बोलावलं, तेव्हाच रविकांतचं तोंड वाकडं झालं. सणासुदीला घरात परकं माणूस नको, असं त्याचं म्हणणं. खरं तर परकं माणूस त्याला चालत असे. ऑफिसातला मॅनेजर असता, तर त्याने स्वतः उठून श्रीखंड वाढलं असतं.

भाडेकरीण म्हणजे आलेस्या, बेलारूसची. तिचा नवरा विताल तिकडे तुरुंगात होता. त्याने हिमतीवर बातम्यांची वेबसाइट उभी केली, ती चांगली चालवली, आणि मग सरकारला नको ते प्रश्न विचारायला लागला. वेबसाइट बंद पाडली तरी लपून चालवत राहिला. शेवटी एका मोर्चात सापडला.

रविकांतच्या मते हा शुद्ध मूर्खपणा होता. बसलेला धंदा सोडून ही उठाठेव सांगितली कुणी? शहाणा माणूस कॅनडात येऊन किचनरमध्ये घर घेतो, विंटर टायर्स वेळेवर लावतो आणि कुठल्याही पिटिशनवर सही करत नाही. असा शहाणा माणूस त्याला रोज दाढी करताना आरशात दिसायचा.

देवघरासमोर पाटावर त्याने लॅपटॉप मांडला होता. हळदकुंकू, झेंडू आणि आपट्याऐवजी बॅकयार्डातली मेपलची पानं. पुढे कोऱ्या कागदावर लाल पेनाने काढलेला श्री. रविकांतचं कुठलंच काम श्रीशिवाय सुरू होत नसे. ग्रोसरीच्या यादीवरसुद्धा तो असायचा, आणि त्याच्या वेलांटीची रेघ पार खाली ओढून छत्रीच्या मुठीसारखी वळवलेली असायची. ऑफिसात बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरही त्याने तो घातला होता. मॅनेजरने काढायला सांगितल्यावर फिकट करून कोपऱ्यात सरकवला. आयुष्यात त्याने केलेलं बंड एवढंच.

आलेस्या सफरचंदाचा केक घेऊन आली. दाराशी बूट काढून पानावर मुकाट बसली. रविकांतने तिला आपली कामगिरी ऐकवली. दुकानात आलेलं गिऱ्हाईक पूर्वी कधी येऊन गेलंय का, हे चेहऱ्यावरून सांगणारं सॉफ्टवेअर त्याच्या टीमने बनवलं होतं. भिंतीवरचं अवॉर्डही त्याने दाखवलं. तिने मान डोलावली. इंग्लिश कळलं नसेल बिचारीला, असं मनाशी म्हणत त्याने पुरी मोडली.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. नाव बघून तिने तो पालथा ठेवला.

माधवीने हळूच विचारलं, तेव्हा आलेस्या बोलली. फोन तिच्या भावाचा होता, यानकाचा. तो पोलंडला, वॉर्सात असतो. विताल पकडला गेल्यापासून तिने त्याचा एकही फोन घेतला नव्हता. त्या दिवशी विताल टोपी-मास्क घालून हजारोंच्या गर्दीत होता. तो मोर्चात येणार हे एकट्या यानकाला माहीत होतं. तरी पोलीस गर्दी कापत सरळ त्याच्यापाशी गेले. आता यानकाचं हृदयाचं ऑपरेशन आहे, उद्याच. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही.

"एकदा बोलू का त्याच्याशी?" तिने विचारलं. "काय करू, मला समजत नाही."

माधवी काही बोलायच्या आत रविकांतने निकाल दिला. "अजिबात घेऊ नका. तोंड झाकलेला माणूस गर्दीत ओळखायचा, तर ओळखणारा घरातलाच हवा. धिस इज कॉमन सेन्स."

मग माधवीकडे वळून मराठीत म्हणाला, "बघ यांचे क्रांतिकारक. मेहुण्याने विकलं तरी पत्ता नाही, आणि हे निघाले देश बदलायला."

"अहो, पुरे," माधवी म्हणाली. तिला त्याची लाज वाटली. ती नेहमीच वाटायची, पण पाहुण्यांसमोर जरा जास्त.

आलेस्याचं लक्ष पाटावरच्या कागदाकडे गेलं होतं. तिने ते काय आहे असं विचारलं. रविकांत खुलला. हे शुभ चिन्ह, आमच्यात प्रत्येक कामाच्या सुरुवातीला काढतात, असं त्याने समजावलं. कागद तिच्या हातात देऊन म्हणाला, "काढतात सगळे, पण ही खालची रेघ बघा. अशी फक्त मी काढतो."

आलेस्याने कागद बराच वेळ पाहिला. मग तो टेबलावर ठेवून ती उठली आणि जिना उतरून खाली गेली.

"भरल्या पानावरून उठली," रविकांत म्हणाला. "काही मॅनर्स?"

ती परत आली ती एक फोटो घेऊन. वितालच्या खटल्यात कोर्टात दाखवलेला. वकिलाने त्याची प्रत महत्प्रयासाने बाहेर काढली होती. फोटोत नुसती डोकीच डोकी होती, आणि त्यात टोपी-मास्कमधल्या एका चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन.

"यानकाने वितालला दाखवून दिल्यावर हा चौकोन पोलिसांनी काढला, असं मी समजत होते," ती म्हणाली. मग तिने बोट वरच्या कोपऱ्यावर ठेवलं. "आणि ही खूणही त्यांचीच असेल असं वाटायचं. ही काय आहे?"

रविकांतने चष्मा लावलाच नाही. प्रिंटरची शाई फुटली असेल, असं म्हणून तो वाटीतलं श्रीखंड चाटू लागला.

माधवीने फोटो उचलून खिडकीपाशी नेला. खूण फिकट होती, एवढीशी. पालथा फोन टेबलावर पुन्हा थरथरायला लागला. माधवीने तो सुलटा करून आलेस्याच्या हातात दिला.

"आधी भावाशी बोल," ती म्हणाली. "हे अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे."