चांदणी टोचलेली केळी

"आई, हे काय केलंत?" पाठीवर बांधलेल्या लेकीला, फाराला सावरत नोरोनं टोपलीतलं केळं उचललं. सालीवर सुईनं चांदणी टोचलेली होती. प्रत्येक केळ्यावर होती.

"घराची खूण," सासू रासुआ म्हणाली. "मादागास्करात खूण टोचल्याशिवाय व्हॅनिलाची शेंग कोणी बाहेर काढलीय का? चोर काय मेले?"

"चोर आहेत, व्हॅनिलाच मेला!"

कारखान्यांतल्या टाक्यांत जिवाणू व्हॅनिला बनवू लागले, तेव्हापासून शेंगा कोणी विचारत नव्हतं. मग गावानं आलं लावलं, खाडीत शेवाळ वाढवलं, आणि यंदा गोवराची लस अंगात घेऊनच पिकणारी ही केळी. पहिला माल आज जहाजावर चढायचा होता.

तपासनीस मियालीनं केळं फिरवून पाहिलं. "साल टोचली की लस आजचा दिवसच टिकते. हा माल नाही जाणार."

रासुआ टोपलीतली केळी एकेक उलटून पाहू लागली. "घात केला गं मी!"

"आजचा दिवस टिकते ना?" नोरोनं केळं सोललं. "मग गावातल्या पोरांना बोलवा. दुसरे घड पुढच्या आठवड्यात जातील, तोवर आलं आहे की विकायला. एका वेलीवर संसार टांगायचे दिवस गेले, आई. आणि चार पिढ्या व्हॅनिला पिकवला, घरात कोणी चाखला कधी?"

रासुआनं घास कुस्करून नातीला भरवला. फारानं तोंड वाकडं केलं, मग पुन्हा आ केला.

"आवडलं हो बाईसाहेबांना," म्हणत रासुआनं सुई अंबाड्यात खोचली आणि पोरांना हाका मारत निघाली.