गुडघाभर पाणी

भिंत इतकी पांढरीशुभ्र होती की भावनाला रागच आला. पूर ओसरून बारा दिवस झाले, आसगावात घरोघरी गाळाचा वास, आणि या घराला चुना! तिला विमा कंपनीसाठी दुरुस्तीचा खर्च काढायचा म्हणजे आधी भिंतीवरची पाण्याची रेघ हवी. रेघ जितकी वर, तितका खर्च मोठा. आणि लोक मात्र कंपनीचा माणूस येणार म्हणून घर सारवून ठेवतात. पाहुण्याला घाण दाखवायची नाही, ही इकडची रीत. रीत चांगली, पण तिच्यापायी कितीजणांनी आपलंच नुकसान पुसून टाकलं होतं.

"आजी, चुना काहून मारला? तुमाले फोनवर सांगितलं होतं ना, काही हात लावू नका म्हणून?"

"पाहुन्याले गाळ दाखवाव का?" दारात उभी असलेली बायजाबाई म्हणाली. वय सत्तरीचं, अंग काटक.

"पाणी कुठवर होतं?"

"आलं असन गुडघाभर."

भावनाने लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. शेजारच्या गोठ्यावरची रेघ तर तिच्या खांद्याच्या वर होती. शेजाऱ्याकडे खांद्यावर आणि इथे गुडघ्यापाशी, असं पाणी कधी वागतं का? आजवर तिने रेघ वर ढकलणारी माणसं बघितली होती. खाली ढकलणारी ही पहिलीच. तिला राहवेना.

तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गुडघ्यापाशी चुना खरवडला. गाळ. कमरेपाशी खरवडला. गाळ. छातीपाशी, गळ्यापाशी, गाळच. हनुवटीपाशी जुना निळा रंग लागला. टेप लावला, चार फूट आठ इंच भरले.

"आजी, ही भिंत भिजून खचली, पाडून बांधावी लागते. गुडघाभर लिहिलं तर नुसते रंगाचे पैसे भेटतील."

"रंगाचेच लिव्हा."

"काहून पण?"

बायजाबाईने उलट विचारलं, "कागद कोनाच्या नावानं जाते?"

विमा घराच्या कर्जासोबत काढलेला आणि कर्ज मुलाच्या नावावर. "अश्वजितच्या. त्याच्या मोबाइलवरच जाते."

म्हातारी मटकन ओसरीवर बसली. "तो तिकडं चिखला गावच्या खदानीत कामाले हाय. मी त्याले सांगतलं, पानी गुडघाभर आलं आन् गेलं, मी शाळेत जाऊन बसली होती. खरं समजलं तर उद्याच गाडी घिऊन येते. मले क्वार्टरमंधी नेते आन् घर इकून टाकते."

"मंग शाळेत नव्हत्या तुम्ही?"

"माळ्यावर होती. दीड दिवस."

भावनाने वर बघितलं. माळ्यावर नीट बसण्याइतकीही जागा नव्हती. तिचा राग केव्हाच गेला होता. या बाईचा धाक वाटत होता आणि भिंतीची भीती.

"आजी, मले खोटं लिहिता येत नाही. आणि ही भिंत पडली तर तुमच्याच अंगावर पडते."

तिने चार फूट आठ इंच लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. बायजाबाईने आकडा वाचला. मग तिने पेन घेतलं, पण सही केली नाही.

"लिव्हाचंच हाय तं पुरं लिव्हा," ती म्हणाली. "भित खचली, पन बुढी जागची हालली नाही म्हना."