पाण्याखालचा दम

पणजोबा रामा तांडेल, आजोबा बाबू तांडेल आणि वडील हरी तांडेल यांनी जन्मभर खाडीवर होडी चालवली. चौथ्या पिढीतली वासंती उन्हाळी शिबिरात मुलांना तलावात पोहायला शिकवत होती. शिबिराचा दंडक असा, की शिट्टी वाजताच प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करायचा.

त्या दुपारी शिट्टी वाजली, आणि एक मुलगी एकटीच हात वर करून हसत उभी राहिली.

"निशाद कुठे गं?"

"खाली बसलाय, बाई. सकाळी कबड्डीत त्याचा दम तुटला, सगळे चिडवत होते. म्हणाला, आता बघाच माझा दम."

वासंतीने पाण्यात वाकून पाहिले. निशाद तळाशी आडवा पडला होता आणि एकही बुडबुडा वर येत नव्हता. तिने सूर मारला.

काठावर आणलेले पोर निळे पडले होते. ती त्याची छाती दाबू लागली. हा तात्या खेतल्यांचा नातू. त्याच तात्यांनी पुराच्या लोंढ्यातून तिच्या वडिलांना केसांना धरून ओढून काढले होते. आता त्या घरी कोणत्या तोंडाने जायचे?

निशाद खोकला, पाणी ओकला आणि रडू लागला.

त्याला न्यायला आलेल्या तात्यांनी ते सारे फाटकातून पाहिले होते. त्यांनी नातवाला पोटाशी घट्ट धरले.

"पोरी, तुझा बाप दर नारळीपौर्णिमेला माझ्या पायाशी नारळ ठेवतो. त्याला सांग, यंदा ठेवायचा नाही. फिटलं सगळं."