दगडांची गुहा

लाखनीला हायवेलगत रिताचं घर. जड ट्रक गेला की भिंती थरथरायच्या आणि आफ्रिकन सिक्लिड माशांसाठी तिने टाकीत रचलेले दगड कोसळायचे. एकदा तर काचच तडकली.

"या वेळी पडले तं टाकी घराबाहेर," नवरा राजकुमार म्हणाला होता.

या वेळी रिताने मोठे दगड थेट तळाला टेकवले, मग वाळू भरली आणि वर गुहेसारखी कमान रचली. दुपारी पिवळे मासे सोडले.

तेवढ्यात भरलेला ट्रक धडधडत गेला. खिडक्या वाजल्या, पाणी डचमळलं. दगड जागचे हलले नाहीत.

"पाहा! म्या म्हटलं होतं नं!" रिता टाळ्या वाजवत ओरडली.

"मानलं बा तुले!" राजकुमारही खुलला. "अन् हा निळा कधी आणला?"

"निळा? म्या तं सारे पिवळेच आणले."

गुहेतून एक निळा मासा ऐटीत बाहेर आला. पिवळे सगळे कोपऱ्यात दाटले.

राजकुमारने वाकून गुहेत पाहिलं. ती आरपार मोकळी होती, पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

आणि त्या मोकळ्या जागेतून दुसरा निळा मासा येत होता. त्याचं अर्धं अंग बाहेर आलं होतं. उरलेलं अजून कुठेच नव्हतं.