एक जुलैची लेकरं

“सर बाहेर भिंतीचं रंगकाम पाहून राहिले. बस, पेढा घे,” शाळेचे कारकून अंकुशबाबू म्हणाले आणि त्यांनी डबा पुढे सरकवला.

चंद्रकलेनं पेढा घेतला. न घेऊन करते काय! मोहगावहून पहाटेची बस धरून पांढुर्ण्याच्या शाळेत आलेली ही तिची सातवी खेप. सहा खेपांत हेडमास्तर देवीदास सर दोनदा मीटिंगला गेलेले, एकदा लग्नाला, आणि उरलेल्या वेळी ‘उद्या ये’. चपलेचा अंगठा तुटला, तो तिनं सुतळीनं बांधला. आणि आज पाच वाजता फॉर्म बंद होणार होते.

“कायचा पेढा हा?”

“मंगेश सरचा. आपल्या सरचे भाऊ. सौंसरच्या शाळेत मास्तर होते, परवा रिटायर झाले. बासष्ट पूर्ण.” बाबूंनी टेबलावरचा फोटो दाखवला. शाल पांघरलेले उंचपुरे मंगेश सर, आणि बाजूला त्यांच्या खांद्याला लागणारे देवीदास सर, खुशीत.

चंद्रकलेला फोटोत काही गोडी नव्हती. बारावी होऊन सोळा वर्षं तिनं लोकांच्या वावरात कापूस वेचला होता. मोहगावच्या अंगणवाडीत कार्यकर्तीची जागा आता कुठे निघाली होती. वयाची अट पस्तीस. ती होती चौतिसाची, पण याच शाळेच्या रजिस्टरात छत्तीस लिहिलेलं. सौंसरच्या सरकारी दवाखान्यातून तिनं जन्माचा दाखला काढून आणला होता. तारीख दुरुस्तीच्या प्रस्तावावर हेडमास्तरांची सही आणि शिक्का पडला, की अंगणवाडीच्या ऑफिसवाले फॉर्म घ्यायला तयार होते. एक सही! तेवढ्यासाठी माणसानं किती नाक घासायचं?

सर आत आले. बोटांना निळा रंग लागलेला. शाळेचं पंच्याहत्तरावं वर्ष. बाहेर भिंतीवर पेंटर ‘सत्य हाच आमचा वारसा’ लिहीत होता आणि ‘वारसा’मधला ‘र’ त्यानं दोनदा पुसला होता.

“आली का पुन्हा?”

“आज शेवटची तारीख हाय सर.”

“पोरी, तुले किती वेळा सांगू? हे रजिस्टर आहे, तुझ्या घरची पाटी नाही, पुसलं अन् लिहिलं. पंच्याहत्तर वर्षांत याच्यात एक आकडा बदलला नाही.” त्यांनी कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं आणि देवासारखं टेबलावर ठेवलं. “हे पाह्य. तुझी धाकटी बहीण प्रियंका. रजिस्टरानं पस्तीस वर्षांची. आणि तुझा दवाखान्याचा कागद म्हणते, तू चौतिसाची. थोरली कोण?”

“मीच.”

“मग? धाकटी थोरलीच्या आधी जन्मते का?” सर अंकुशबाबूंकडे पाहून हसले. बाबूही हसले, नोकरी होती.

चंद्रकलेच्या डोक्यात सणक गेली. तिनं ती गिळली.

“तिचीबी चुकली सर. तवाचे गुरुजी कोठं कागद पाहत होते? पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाले लावून पाहत. लागला त मोठं, नाई लागला त लहान. अन् अंदाजानं एक जुलै टाकून देत. हे पान पाहा ना, सारी लेकरं एक जुलैचीच!”

“सरबी एक जुलैचेच,” बाबू कौतुकानं म्हणाले. “पोरं गुलाब आणतात त्या दिवशी.”

“तुम्ही गप बसा हो!” सर खेकसले. मग तिच्याकडे वळले. “आमच्या गुरुजींवर संशय घेऊन राहिली तू? मी याच शाळेत शिकलो. मंग्याले मीच बोट धरून आणलं होतं इथं, शेंबूड पुसत पुसत. दोघांचंही नाव एकाच दिवशी याच रजिस्टरात चढलं. त्या रजिस्टराले मी खोटं म्हणू? नववीच्या मूल्यशिक्षणाचं पुस्तक मी स्वतः लिहून राहिलो, पहिलाच धडा सत्याचा. अजून दोन वर्षं मी या खुर्चीवर आहे. तोवर तरी या शाळेत खोट्यावर सही होणार नाही.”

“खोटं नाई सर, दवाखान्याचा शिक्का हाय.”

“पुरे झालं! जाय तू.”

पालथ्या घड्यावर पाणी. चंद्रकलेनं कागद गोळा केले. डोळे भरून आले, त्याचा तिला अजूनच राग आला. सात खेपांचं बसभाडं, सात दिवसांची मजुरी, आणि वरून हसणं. आता घरी जाऊन पुन्हा लोकांच्या वावरात खुरपं धरायचं, झालं.

“जाता जाता पेढा घेऊन जाय लेकराले,” अंकुशबाबू हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं.

तिनं डब्यात हात घातला आणि तो तिथंच राहिला. ती फोटोकडे पाहत होती. मग रजिस्टराकडे. मग सरांकडे.

“सर,” ती म्हणाली, “मंगेश सरले तुम्हीच बोट धरून आणलं होतं ना?”

“मग! कोण आणणार?”

“ते बासष्टचे होऊन रिटायर झाले. तुमाले अजून दोन वर्षं हायेत.” तिनं पेढा पदरात बांधला. “धाकटा थोरल्याच्या आधी जन्मते का सर?”

बाहेर पेंटरनं शिडी सरकवली. सरांनी रजिस्टर मिटलं, तिच्या हातातला प्रस्ताव ओढून घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

“अंकुशबाबू, शिक्का आणा. अन् ते दार लोटून घ्या.”