सातव्या कपाटावरचं पाकीट

"हे कोणी लावलं होतं?" त्सेंग साहेबांनी हिरवं पाकीट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

सगळ्या माना रुओनिंगकडे वळल्या.

"मी, साहेब."

"तारीख वाच."

तिने वाचली. मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती.

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या शिनचूच्या या कारखान्यात प्रत्येक यंत्राला खोबऱ्याच्या कुरकुरीत खाऊचं एक पाकीट चिकटवलेलं असतं. या खाऊचं नावच मुळी 'सांगितलं ऐक' अशा अर्थाचं. पाकीट हिरवंच हवं. पिवळं लावलं तर यंत्र रुसतं, आणि मुदत संपलेलं लावलं तर विचारूच नका! हसू नका, इथे डॉक्टरेट मिळवलेली माणसंही हे पाळतात. वरच्या मजल्यावर धुळीचा कण चालत नाही, म्हणून पाकिटं लागतात ती खाली, पंपांच्या आणि वायूच्या कपाटांच्या मजल्यावर. आणि ती बदलायचं काम शिकाऊ विद्यार्थ्याचं. सहा महिने रुओनिंगने ते देवपूजेसारखं केलं होतं. गेल्या आठवड्यात शिष्यवृत्तीची मुलाखत होती, तेवढी एकदा चूक झाली.

आणि आज दुपारी एक वाजता त्याच सातव्या कपाटासमोर फानदादा काम करता करता कोसळला आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं.

"परीक्षेत पहिली येते म्हणे," मागून कोणीतरी पुटपुटलं. "साधी तारीख वाचता येत नाही."

"अहो, सकाळपासून पंप कुरकुरत होता. मी म्हटलंच होतं!"

रुओनिंगला रडू फुटलं. फानदादा तिच्याच गावचा, शिनपूचा. तिची आई अंगणात पर्सिमनची फळं सुकत घालते, ते घर त्याला ठाऊक होतं. 'आपल्या गावची पोरगी आहे, साहेब, घ्या हिला,' असं म्हणून त्यानेच तिला इथे आणलं होतं.

साहेबांचा फोन वाजला. ते तिथेच उभं राहून बोलले. "नाही हो डॉक्टर, वायूबियू काही नाही. भोंगाही वाजला नाही. सलग चौदा तास काम करत होता, थकून पडला." मग त्यांनी नवं पाकीट रुओनिंगच्या हातात दिलं. "जा, लावून ये. बरोबर त्याच जागी. संध्याकाळी तपासणीवाले येतायत. आणि तुझा शिष्यवृत्तीचा शेरा आज पाठवायचाय, तेव्हा चारला माझ्याकडे ये."

ती खाली गेली तेव्हा तीन वाजले होते. सातव्या कपाटावर चिकटपट्टीची जुनी, पिवळी पडलेली चौकट होती, थरावर थर बसलेली. पहिल्या दिवशी फानदादानेच तिला ती दाखवली होती. 'या चौकटीतच लावायचं हं. सांगितलं तेवढं करावं, जास्त विचारू नये.'

चौकटीच्या मधोमध एक छोटा दिवा होता. तिने तो आधीही पाहिला होता. दर वेळी विझलेलाच असायचा, म्हणून तिला वाटलं होतं की बिघडलेला असेल.

आज तो लाल पेटला होता. खाली अक्षरं होती : गळती.

भोंगा उगाच वाजतो, दर वेळी काम बंद पडतं, म्हणून तो वर्षापूर्वीच काढून टाकला होता. उरला होता हा दिवा, आणि त्याच्यावर लागत होतं पाकीट. साहेबांनी आज स्वतःच्या हाताने पाकीट काढलं, तेव्हा तो त्यांना दिसला नसेल? दिसलाच असणार! वायूची नळी आता बंद दिसत होती; ती बंद करून ते वर आले आणि सगळ्यांसमोर तारीख विचारत बसले.

कपाटावर वायूचं नाव ठसठशीत लिहिलेलं होतं. आर्सिन. त्याने रक्तच नासतं, हे ती पुस्तकात शिकली होती. डॉक्टरांना हे कळायला हवं. पळत वर जावं, मोठ्याने ओरडावं, असं तिला वाटलं. पण मोबाइल फाटकावरच्या पेटीत अडकलेला आणि वर साहेब बसलेले. पुढची दोन वर्षं शिक्षण, मग इथेच नोकरी, असं सगळं त्यांच्या एका सहीवर लटकलेलं. आईच्या त्या अंगणातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

'आधी सही होऊ दे,' तिने मनाशी म्हटलं. 'बाहेर पडल्या पडल्या फानवहिनींना फोन करीन. तासा-दोन तासांनी असा काय फरक पडणार आहे?'

तिने तारीख नीट पाहिली आणि पाकीट चौकटीत चिकटवलं. दिवा झाकला गेला.

चारला साहेबांनी शेरा लिहिला : 'मुलगी सांगितलं ऐकते.' सही केली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे सहीशेजारी वेळ टाकली, चार वाजून दहा मिनिटं. "शाब्बास," ते म्हणाले. तिने कमरेत वाकून नमस्कार केला.

पाच वाजता पाळी संपली आणि फाटकावर मोबाइल हातात आला. फानवहिनींचे अकरा फोन येऊन गेले होते. शिनचूचा वारा कानात नुसता घोंघावत होता. भिंतीच्या आडोशाला जाऊन तिने घाईघाईने फोन लावला.

"वहिनी, ऐका! दादा थकून नाही पडला. वायूची गळती होती. आर्सिन! आर्सिन म्हणून सांगा डॉक्टरांना, लगेच सांगा!"



"आता कुणाला सांगू, पोरी?" वहिनी म्हणाल्या. "चार वाजेपर्यंत डॉक्टर हेच विचारत होते."