लेसरच्या तीन खेपा

आईच्या हातातल्या भाकरीच्या घासाला रक्त लागलेलं दादाभाऊनं पाहिलं आणि ताट ढकलून तो उठलाच.

"आये, तोंड उघड."

"जेव आधी."

"उघड म्हणतो ना!"

गजराबाईनं तोंड उघडलं. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या. कडेला पू. खालचे पुढचे दोन दात जिभेच्या धक्क्यानंही हलत होते.

तीन खेपा! पुण्याचा डॉक्टर दर गुरुवारी मंचरला मशीन घेऊन यायचा. चिरफाड नाही, टाके नाहीत, लेसरच्या उजेडानं कुजलेली हिरडी साफ होते, असं सगळे सांगत होते. आईचे दात वाचावेत म्हणून दादाभाऊनं कळपातली चांगली मेंढरं विकली. पारगावच्या कारखान्याचा हंगाम चालू होता, त्याला सुट्टी मिळेना. म्हणून सासूबरोबर सून जायची. पहिल्या खेपेनंतर तर दोघी मिळून आठ दिवस दुधात कुस्करलेला भात खात होत्या. सासूसाठी सुनेनंही पथ्य धरलं, याचं आळीत कोण कौतुक!

आणि आता हे.

"मिश्री लावती का अजून?"

गजराबाईनं ताट पुन्हा त्याच्यापुढं सारलं.

"परवा तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला व्हता. डॉक्टरनं बंद कर म्हनून सांगितलं असंल ना?"

"मला कुठं सांगितलं त्यानं?"

दादाभाऊ जागच्या जागी थिजला. सांगितलंच नाही? गावातलं शेंबडं पोर सांगेल की मिश्रीनं हिरडी सडते, आणि एवढा शिकलेला माणूस एका शब्दानं बोलला नाही?

तो बायकोवर, पुष्पावर घसरला.

"तू बरोबर व्हतीस ना? तुज्या तोंडाला काय झालं व्हतं इचारायला?"

पुष्पा चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं.

"न्हाई, म्हंजी बघ तू," तो हात नाचवत म्हणाला, "मागं तुज्याबी हिरड्यातनं रक्त यायचं. उशी लाल व्हायची. कुठल्या डॉक्टरकडं गेलीस? मी सांगितलं, बायामाणसाचं चालायचंच, हळद-मीठ चोळ. थांबलं का न्हाई?"

"थांबलं."

"हळद-मिठानं थांबलं! आन हितं लेसर करून थांबत न्हाई! लुच्चा हाय तो डॉक्टर. उद्या गुरुवार. खाडा पडला तर पडू दे. चला."

"राहू दे, दादा," गजराबाई म्हणाली. "डॉक्टर गुणाचा हाय रं."

"गुणाचा? दात पडाय लागलं तुजं!"

"मी घरीच थांबते," पुष्पा म्हणाली.

"अजिबात न्हाई. साक्षीला पायजे मला तू. खुर्चीत कसं बसवलं, काय केलं, सगळं तोंडावर सांगायचं त्याच्या."

पुष्पानं सासूकडं पाहिलं. गजराबाईनं पदरानं ओठ पुसले.

"येऊ दे तिला," ती म्हणाली. "कवातरी जायचंच व्हतं."

सकाळी जीपमध्ये दोघी मागं बसल्या, दादाभाऊ ड्रायव्हरशेजारी. डॉक्टरला काय बोलायचं, ते तो मनात जुळवत राहिला.

*डॉक्टरसाहेब, तुमी शिकल्यालं, आमी अडाणी…*

छे. हे तर भीक मागितल्यासारखं झालं.

*ए डॉक्टर, मशीन बंद कर आधी.*

हां. पुढं?

*घोडेगावला तहसीलदाराकडं अर्ज देतो. पेपरात देतो. पाटी उतरवतो तुजी.*

पुढं?

*माजी आय आता हुरडा कशी खानार…*

इथं वाक्य तुटायचं. ती हुरड्यासाठी जीव टाकायची. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, दर वेळी आणखी चढ्या आवाजात. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काय पावणं, कुनाशी भांडताय?"

"तू गाडी हाक!"

दवाखान्याबाहेर बाकड्यावर माणसं दाटून बसली होती. दादाभाऊ कुणाला न विचारता आत घुसला, आईचा दंड धरून. पुष्पा दाराशीच थांबली.

"नंबर लावा, भाऊ," कंपाउंडर म्हणाला.

"तीन डाव लावला नंबर!"

डॉक्टर तिशीतला, सडपातळ. तोंडावरची पट्टी खाली ओढून तो म्हणाला, "बसा ना."

"बसाय न्हाई आलो." जुळवलेलं सगळं एका झटक्यात विसरलं. दादाभाऊनं आईचा खालचा ओठ बोटानं खाली ओढला. "हे बघ! बघ! ह्यो तुजा लेसर? आय हाय माजी, कापडाचं बोचकं न्हाई! गरिबाच्या तोंडात दिवं लावून पैसं काढतो व्हय रं?"

बाहेरची माणसं दारात गोळा झाली. डॉक्टरनं आवाज चढवला नाही. त्यानं बॅटरी घेतली, आरसा घेतला, गजराबाईचं तोंड नीट पाहिलं. वरचं, खालचं, आतून, बाहेरून. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे फार दिवसांचं दुखणं आहे," तो म्हणाला. "इतके दिवस अंगावर का काढलं?"

"अंगावर?" दादाभाऊनं त्याची कॉलर धरली. "तूच तीन खेपा मशीन चालवलं! लोकांनो, ऐकताय का? वर आमालाच इचारतो! पुष्पे, ये पुढं! सांग ह्याला! लेसर केलं का न्हाई ह्यानं?"

दारातल्या माणसांनी वाट दिली. पुष्पा दोन पावलं आत आली.

"केलं," ती म्हणाली.

"ऐकलं?"

"केलं की," डॉक्टरही म्हणाला. गोंधळून त्यानं कॉलरवरचा हात हळूच सोडवला आणि गजराबाईकडं वळला. "आजी, दर खेपेला म्हणायचात, आधी सुनेचं पुरं होऊ द्या, मग मी बसते. आज तरी बसताय ना खुर्चीत?"